कातरखोलीला कुलूप लावताना

स्वेनबोर्ग,
सप्टेंबर सरता सरता

तीर्थरूप थोराआत्याला तिच्या एकुलत्या एका (आणि तिच्याच शब्दांत 'एक आहे तोच पुरे' अशा) भाच्याचा, म्हणजे एब्बेचा, वाकून नमस्कार. नमस्कार अर्धाच वाकून केला आहे. मध्यंतरी मला एक होडी रंगवावी लागली आणि तेव्हापासून पाठ एका ठरावीक कोनापुढे माझं ऐकत नाही. उरलेला अर्धा मनाने केला असं धरून चाल. होडीचं पुढे येतंच आहे.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी तू दारामागे उभी ठेवतेस आणि कोणी विचारलं तर 'पाहुणे विसरून गेले' म्हणून सांगतेस, अशी युटेची खबर आहे. (बायकोला या बातम्या कुठून लागतात हे मी अजून शोधून काढू शकलेलो नाही.) आत्या, तू जन्मभर मुख्याध्यापिका होतीस, त्यामुळे गुडघ्यालाही दरडावलं की तो सरळ होईल असं तुला वाटत असणार. झाला तर कळव, मी पाठीवर करून बघेन. तू पाठवलेली धुरावलेली हेरिंग मासळी पोचली. पुडकं एका कोपऱ्यात फाटलं होतं, त्यामुळे ती आमच्याआधी पोस्टमनला पोचली, आणि तो बिचारा त्या दिवशी आमच्या दारातून हलेना. शेवटी त्याला आत बोलावून राय धान्याच्या काळ्या पावावर दोन तुकडे दिले तेव्हा कुठे पुढच्या गल्लीतल्या लोकांचं टपाल त्यांना मिळालं.

आता तुझ्या कार्डाबद्दल. दीपगृहाच्या चित्रामागे तू एवढंच लिहिलंस : 'तू काहीतरी बंद केलंस असं बेकरीत कळलं. काय होतं ते, आणि चालू कधी होतं?' हे वाचून युटे इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी माझ्या बाहीवर आली. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न बिनतोड आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तू कॉम्प्युटरला 'ते खोकं' म्हणतेस, तेव्हा मीही तसंच म्हणत जाईन.

मी सिनेमे कापतो आणि जोडतो एवढं तुला माहीत आहे. (बाबांच्या साठीला तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होतीस की एब्बेला सिनेमात चांगली नोकरी आहे, फक्त लोकांनी कष्टाने घेतलेलं तो काढून टाकतो. हे वाक्य मी आजवर चार ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं आहे.) तर पूर्वी आम्ही खरोखरची फिल्म कातरीने कापायचो, पट्ट्या गळ्यात टाकून फिरायचो आणि चिकटपट्टीने सांधायचो. मग एका वर्षी कोणीतरी येऊन टेबलावर खोकं ठेवलं आणि म्हणालं, आता यात कापा. सगळ्या डेन्मार्कभर चांगले चांगले संकलक खोक्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले, जशी माणसं पहिल्यांदा विमानात बसतात तशी. कोणाला विचारायचं? विचारलं तर अब्रू जाणार. म्हणून मला ज्या ज्या अडचणी आल्या त्या मी लिहून काढल्या, माझा मित्र पाले (आवाजाचं काम करणारा, लांब मानेचा, माझ्या लग्नात ज्याने मायक्रोफोन आणून पाद्रीबुवांना तीनदा 'पुन्हा एकदा म्हणा' असं सांगितलं तो) याने त्या इंटरनेटवर चढवल्या, आणि आमची साइट सुरू झाली. नाव ठेवलं 'कातरखोली'. कोणीही यावं, विचारावं, ज्याला येतं त्याने सांगावं. नियम एकच, खरं नाव लिहायचं नाही. म्हणजे मोठ्या माणसाला बारकी शंका विचारताना लाज वाटू नये.

आमच्या ओळखीच्या आठदहा जणांसाठी मांडलेलं हे दुकान बघता बघता ऑस्लो, गोथेनबर्ग, फ्लेन्सबर्ग, पार फेरो बेटांपर्यंत गेलं. किती वर्षं चालू होतं? आत्या, मी सुरू केलं तेव्हा मला केस होते.

लोक काय विचारत ते ऐकशील तर संकलकांबद्दलचा तुझा आदर वाढेल किंवा उरलासुरला जाईल. एकाच्या नायकाची दाढी दारातून आत येताना होती आणि खुर्चीत बसेपर्यंत गेली होती, तर काय करावं? (मधे एक मांजर दाखवा, असं मी सांगितलं होतं. त्याने दाखवलं. सिनेमाला बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांनी मांजराचा खास उल्लेख केला.) एकीने विचारलं होतं की दिग्दर्शक दिवसभर पाठीमागे उभा राहून उसासे टाकतो, हा प्रकार कसा थांबवावा. त्यावर सबंध हिवाळाभर चर्चा झाली आणि शेवटी कळलं की उसासे टाकणारा दिग्दर्शकसुद्धा त्याच चर्चेत भाग घेत होता, आणि त्याचे सल्ले त्यातल्या त्यात चांगले होते.

आणि या सगळ्यात होतं 'दाभण'.

दाभण हे कोणाचं तरी घेतलेलं नाव. दाभण कोण, कुठलं, बाई की बाप्या, कोणालाही पत्ता नव्हता. पण कातरखोलीचा प्राण म्हणजे दाभण. प्रश्न कितीही अवघड असो, दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत उत्तर हजर. लुंडच्या एका संकलकाने एकदा रडत लिहिलं की माझा दिग्दर्शक एका गायीच्या शॉटच्या प्रेमात पडला आहे. गाय समुद्रकाठाने चालत जाते, कथेशी तिचा काडीचा संबंध नाही, पण काढू देत नाही. दाभणाचं उत्तर : 'काढू नका. दुप्पट लांब करा. परवा तोच म्हणेल, ही बया फार रेंगाळते.' आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात टोपी काढली. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दाभणच : 'कालचं उत्तर अर्धवट होतं, आणि जरा निष्ठुर. गाय काढा, पण तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज मागे राहू द्या. त्याला गाय नको असेल, गायीची आठवण हवी असेल.'

असं नेहमी व्हायचं. आज एक फटकळ उत्तर, उद्या त्यावर माघार. आज 'दिग्दर्शकाला कडक खुर्ची द्या', उद्या 'कालची खुर्ची मागे घेत आहे, सोफा द्या, तोही माणूस आहे'. आणि आम्ही सगळे म्हणायचो, वा, काय मोठेपणा! चारचौघांत स्वतःची चूक रोजच्या रोज कबूल करणारा दुसरा माणूस आपल्या धंद्यात आहे का? मी तर एका भाषणात दाभणाचं उदाहरण दिलं होतं. विषय होता नम्रता. (बोलावणं आलं तेव्हा युटेने विचारलं होतं की त्यांचा नंबर चुकला तर नाही ना.)

पण दिवस बदलतात. आजची मुलं काही अडलं की व्हिडिओ बघतात, त्यात कोणीतरी ओरडून ओरडून सगळं सांगतो. कातरखोलीत येणारे कमी झाले आणि टक्कल जाण्याच्या तेलाच्या जाहिराती वाढल्या. रोज सकाळी त्या पुसत बसायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाले माझ्याकडे आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "एब्बे, हे म्हातारं कुत्रं झालंय रे. भुंकत नाही, चावत नाही, पण रोज उठून फिरवावं तर लागतं." मी म्हटलं, कुत्र्याला कोणी असं टाकतं का? तर म्हणाला, "टाकत नाही. पण माझ्या घरातल्या ज्या खोलीत ते खोकं घुमतंय, तिथे बायकोला टोमॅटोची रोपं ठेवायची आहेत." टोमॅटोपुढे कलेचं कधीच चाललेलं नाही.

तेव्हा आम्ही जाहीर केलं की सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कातरखोली बंद. मला वाटलं, आता अश्रूंचा पूर येईल. तिघांनी हळहळ कळवली, एकाने आपली विसरलेली छत्रीवजा तिपाई आमच्याकडे राहिलीय का विचारलं, आणि तेलवाल्याने आणखी एक जाहिरात पाठवली. दाभणाने लिहिलं : 'बरं झालं. करा बंद. केव्हाच व्हायला हवं होतं.' मला ते चांगलंच झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाभण : 'काल लिहिलं त्यावर जाऊ नका. कृपा करून बंद करू नका.'

आत्या, आपल्या क्विस्टगोर घराण्याचं नाक माणसाच्या आधी दोन पावलं खोलीत शिरतं हे तूच म्हणतेस. ते नाक त्या सकाळी जागं झालं. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज बोललो ते माणूस कोण हे न कळताच दार लावायचं? मला अन्न गोड लागेना. मी पालेला म्हटलं, तुझ्या खोक्यात कळत असेल की, कुठून लिहिलं जातं ते. तो एकदम ताठ झाला. "पाकीट कुठून आलं ते वाचणं पोस्टमनचं काम नाही," म्हणाला. (आमच्या पोस्टमनला हे कोणीतरी सांगायला हवं.)

मग मी दाभणाची सगळी जुनी उत्तरं वाचायला घेतली. एकदा लिहिलं होतं की खिडकीखाली फेरीबोटीचा भोंगा वाजतो, त्यामुळे आवाजाचं काम सकाळीच उरकावं लागतं. दुसरीकडे लिहिलं होतं की मालगाडी गेली की टेबल हलतं. एकदा ज्येष्ठमधाच्या गोळीशिवाय काम सुचत नाही असं होतं, एकदा ज्येष्ठमधाचा वास आला की उलटी होते असं होतं. गाडी आणि ज्येष्ठमधाची उलटी मला सोयीची नव्हती म्हणून मी सोडून दिली. भोंगा घेतला. भोंगा म्हणजे एरो बेट, आणि एरो बेटावर फोल्मरदादा! ज्याच्या हाताखाली मी पहिली कातरी धरली तो. तसाच फटकळ, आणि मागून तसाच हळवा. मी बोटीत बसलो.

फोल्मरदादा किनाऱ्यावर होडी पालथी घालून रंगवत होता. ऐंशी ओलांडली तरी हात थरथरत नाही. मला बघून त्याने दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. सरळ विचारणं बरं दिसेना, म्हणून मी लांबून सुरुवात केली.

"दादा, दाभण आठवतं का?"

"आठवायला काय झालं? रोज हातात असतं."

माझा ब्रश थांबला. "रोज?"

"सकाळी उठलं की आधी तेच. कुठे काय उसवलंय बघायचं आणि टाका घालायचा. लोक आशेने येतात रे. नाही म्हणवत नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी परत उसवता?"

"घाईत घातलेला टाका वाकडा जातो. उसवायची लाज कसली?"

मी ब्रश टाकून त्याला मिठीच मारली. (तो निळा रंग कोटावरून अजून गेलेला नाही.) म्हटलं, दादा, सगळं संकलनविश्व तुमचं ऋणी आहे! त्याने मला हलकेच बाजूला केलं आणि म्हणाला, "बाळा, तुला ऊन लागलंय. शिडं शिवतो मी. गावातल्या सगळ्यांची शिडं माझ्याकडेच येतात." मी विचारलं, आणि खोकं, कॉम्प्युटर? "लेकाने दिलाय ना. सपाट आहे, छान आहे. त्यावर रंगाचे डबे ठेवतो." आता इतक्या लांब येऊन, मिठी मारून, लगेच उठून निघणं वाईट दिसलं असतं. सबंध होडी रंगवली. खालच्या बाजूनेही.

हरून घरी आलो तेव्हा युटे म्हणाली, "शोधायला कशाला जातोस? बोलव सगळ्यांना जेवायला. जेवायला माणसं खऱ्या नावाने येतात." आत्या, मी हिच्याशी लग्न का केलं हे मला मधूनमधून असं कळत असतं.

तर सप्टेंबरचा पहिला शनिवार. इथल्या वल्हेकरी क्लबाचं बंदरावरचं सभागृह घेतलं. वीसपंचवीस माणसं आली. आत्या, ती गंमत तू पाहायला हवी होतीस. वर्षानुवर्षं एकमेकांची बारीकसारीक दुखणी माहीत असलेली, पण तोंडं न पाहिलेली माणसं दारात उभी राहून एकमेकांकडे चोरून बघत होती. 'उसासे टाकणारा दिग्दर्शक' चांगला गुबगुबीत, हसरा निघाला. युटेने फिल्मच्या रिळासारखा केक केला होता. (सगळ्यांना तो ट्रॅक्टरचं चाक वाटला. शेतकऱ्यांच्या संघटनेचा कार्यक्रम समजून आत आलेले एक गृहस्थ त्याचा तुकडा खाऊनच गेले.) पालेने खोकं घरून ढकलगाडीवर घालून आणलं होतं आणि खिडकीशी टेबलावर मांडलं होतं, म्हणजे सर्वांसमक्ष त्याचं बटण दाबता यावं.

हेरिंग झाली, गरम माशाचे काप झाले, एकेक चषक झाला, आणि मी बोलायला उभा राहिलो. लिहून आणलेलं भाषण कोटाच्या त्या निळ्या रंगाला चिकटून बसलं होतं, त्यामुळे मनात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, मला एकच विचारायचं आहे. दाभण या खोलीत असेल तर कृपा करून उभं राहावं. आम्हाला आभार मानायचे आहेत, आणि मला झोप यायला हवी आहे.

खिडकीजवळून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. टाळ्यांसाठी हात वर गेले. आणि तेवढ्यात दाराजवळून एक बुटके, गोल चष्म्याचे गृहस्थही उठले. टाळ्या हवेतच राहिल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "व्हर्नर, बस खाली."

"का म्हणून? माझं पण नाव आहे ते."

"दाढी ठेवलीस."

"काढली होती. परत ठेवली," गृहस्थ म्हणाले, आणि बसले नाहीत.

कोणालाच काही कळेना. शेवटी लुंडहून आलेल्या त्या गायवाल्या संकलकाने भीत भीत विचारलं, "गाय दुप्पट लांब करा म्हणून कोणी सांगितलं होतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आणि घंटा?"

"घंटा माझी," व्हर्नर म्हणाले.

मग हळूहळू उलगडलं. बाईंचं नाव गेर्डा. दोघंही संकलक, नवराबायको होते, आणि कातरखोली सुरू झाली तेव्हा घरात एकच खोकं होतं, म्हणून दाभण नावाचं खातं दोघांनी मिळून उघडलं. पुढे संसार मोडला. वकिलाने सगळं वाटून दिलं. घर विकलं, चमचे निम्मेनिम्मे झाले, कुत्रा तिच्याकडे आणि कुत्र्याची टोपली त्याच्याकडे गेली. ती हेल्सिंगोरला फेरीच्या धक्क्यावर राहायला गेली, तो फ्रेडरिसियाला रेल्वेच्या रुळांशी. पण दाभण कोणाचं हे त्या कागदांत लिहायचं राहूनच गेलं. दोघांनाही वाटलं, दुसरा सोडेल. सोडलं कोणीच नाही. संकेतशब्द बदलावा असंही कोणाच्या मनात आलं नाही. गेर्डा म्हणाल्या, तो बदलणं म्हणजे घराचं कुलूप बदलल्यासारखं झालं असतं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. एक लिहायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी खोडायचा, आणि आम्ही मूर्ख नम्रतेवर व्याख्यानं देत होतो!

मला राहवलं नाही. विचारलं, "मग 'बरं झालं, करा बंद' हे कोणाचं?"

"माझं," गेर्डा म्हणाल्या. आणि इतका वेळ ताठ असलेली ती बाई एकदम हातातल्या चषकाकडे बघायला लागली. "मला वाटलं, हे बंद झालं की त्याला फोन करावा लागेल."

खोलीत फक्त खोक्याचा पंखा ऐकू येत होता. व्हर्नरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि मला वाटलं," ते म्हणाले, "हे बंद झालं की तू आहेस की नाहीस तेच मला कळायचं नाही."

आत्या, मी जन्मभर नेमका कुठे शॉट तोडायचा एवढंच काम केलं. त्या क्षणी मला कळेना. माझ्यासमोर ते बटण, आणि वीसपंचवीस माणसं माझ्या हाताकडे बघतायत. दाबलं तर यांच्यातली इतक्या वर्षांची एकमेव खिडकी बंद. न दाबलं तर ती दोघं उद्यापासून पुन्हा हेल्सिंगोर आणि फ्रेडरिसियात बसून गायीच्या घंटा काढत-घालत राहणार. मी पालेकडे पाहिलं. ज्याला टोमॅटो ठेवायचे होते तो पाले वायर छातीशी धरून उभा होता आणि मान नाही नाही म्हणून हलवत होता. मग मी व्हर्नरकडे पाहिलं. 'कृपा करून बंद करू नका' हे त्यांचं होतं, म्हणून त्यांनाच विचारलं.

"काय करू?"

त्यांनी गेर्डाकडे पाहिलं. म्हणाले, "दाबा."

दाबलं. खोक्याने विचारलं, नक्की? हो म्हटलं. त्याने परत विचारलं, खरंच नक्की? (माझ्या लग्नात पाद्रीबुवांनीही इतकं विचारलं नव्हतं, आणि तिथे पाले होता.) हो म्हटलं. पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. इतकी वर्षं पालेच्या घरात जे घुमत होतं ते थांबल्यावर कळलं की बाहेर बंदरात होड्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटतायत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उसासेवाल्या दिग्दर्शकाने एक उसासा टाकला, आणि तो अगदी जिथे हवा तिथे बसला.

नंतर लोक केकचं चाक वाटून घेत होते तेव्हा गेर्डा गुपचूप बशा गोळा करून क्लबाच्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने व्हर्नरही, हातात एकच काटा घेऊन, जणू तो काटा धुवायचा राहिला तर क्लब बुडणार होता. स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामधे ताटं सरकवायची एक खिडकी आहे. तिला लाकडी झडप आहे. मी तिच्याशेजारी उभा होतो हा योगायोग. माझा कान झडपेला लागलेला होता हा योगायोग नव्हता हे तुला सांगायला नकोच. आधी नुसता नळ ऐकू आला. मग हेरिंगच्या बशांना गरम पाणी घ्यावं की गार यावर पाच-सात वाक्यांची कडाक्याची बाचाबाची. मग गेर्डाचा आवाज :

"खोकल्याला काही घेतलंस का?"

"कुठल्या खोकल्याला?"

"मार्चमधल्या. सगळी वाक्यं आखूड होती तुझी."

नळ वाहत राहिला. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मग व्हर्नर म्हणाले, "आणि तू जुलैत आठवडाभर कोणावर चिडलीच नाहीस. मी त्या शनिवारी गाडीचं तिकीट काढलं होतं. रविवारी कोणाला तरी गाढव म्हणालीस, मग परत केलं."

पुढचं मी सांगू शकत नाही, कारण त्याच क्षणी झडप उघडली आणि साबणाने भरलेला स्पंज माझ्या उजव्या कानात आला. कोणी मारला ते कळलं नाही. आत दोघंही सारख्याच निरागस चेहऱ्याने बशा पुसत होती.

अशी ही हकिकत. ती दोघं त्या संध्याकाळी वेगवेगळ्या गाड्यांनी गेली. अगदी स्टेशनापर्यंतही वेगवेगळी चालत. पण गेर्डा परवा युटेला म्हणाल्या की व्हर्नर आता रविवारी फोन करतात, टीव्हीवरचा सिनेमा कुठे कुठे चुकीचा कापलाय तेवढंच बोलतात आणि 'बरं तर' म्हणून ठेवतात. पहिल्या रविवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो मुद्दाम बराच वेळ वाजू दिला म्हणे. इतकी वर्षं वाट पाहायला लावली, थोडी त्यालाही पाहू दे.

माझं म्हणशील तर सवय जात नाही. सकाळी कॉफी घेऊन खोक्यासमोर बसतो, पत्ता टाकतो, आणि कोरा पडदा येतो. मग टक्कल जाण्याच्या तेलाचीसुद्धा आठवण येते. वाईट वाटतं का? वाटतं. पण आत्या, तुझ्या कार्डावरच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. काय होतं ते सांगितलं. चालू कधी होतं, तर आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा बरंच जास्त चालू होतं. बेकरीत हे असंच्या असं सांगितलंस तरी चालेल.

गुडघ्याला जप, मांजराला माझा नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, जमेल तितका वाकून,

तुझा
एब्बे

ता. क. पाले रोज सकाळी फोन करतो आणि 'कोणी काही विचारलं का रे?' असं विचारतो. टोमॅटो त्या खोलीत जगले नाहीत. उजेड कमी पडला.

ता. क. २. हे मुख्य पत्रात लिहायचं राहून गेलं. (युटे म्हणते, राहून गेलं नाही, तू धीर गोळा करत होतास.) उन्हाळ्यात तू वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतेस, त्या ऑक्टोबरात मोकळ्या असतात ना? गेर्डा आणि व्हर्नर यांना आठवडाभर बोर्नहोमला यायचं आहे. समुद्र बघायला, असं दोघंही म्हणतात. हेल्सिंगोरला समुद्र गेर्डाच्या खिडकीखालीच आहे, हा विषय मी काढला नाही. दोन वेगळ्या खोल्या हव्यात अशी गेर्डाची अट आहे. व्हर्नर यावर नुसते खाकरले. मी तुला न विचारताच हो म्हणून टाकलं आहे. ती दोघं बुधवारच्या बोटीने पोचतील.

ता. क. ३. त्या दोन खोल्यांमधली भिंत लाकडी आणि पातळ आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू कोणाचं चोरून ऐकणाऱ्यांतली नाहीस हेही माहीत आहे. पण गुडघ्यामुळे जिन्यात मधेच थांबावं लागलंच, आणि थांबल्यावर कानावर काही पडलंच, तर कार्ड पाठवू नकोस. कार्डावर फार थोडं मावतं.